धड्यानंतरचा प्रश्न

इंझोरीचे जानराव पाटील स्वतःला मोठे सुधारक समजत. गावात मुलीसाठी कोणी पाटीसुद्धा विकत घेत नसे, त्या १९२४ सालात त्यांनी आपल्या चतुरेला शाळेत धाडले. कशासाठी, तर वाचत्या मुलीला स्थळ चांगले मिळते म्हणून. बाजारात नेण्याआधी बैलाची शिंगे रंगवावीत, तेवढीच ही सुधारणा.

स्थळ मिळालेही. मंगरूळपीरचे बबनराव, शंभर एकर काळी जमीन, दोन बायका मसणात पोचवलेल्या, वय पंचेचाळीस. चतुरा दहाची. जानरावांना त्यातले एकरच तेवढे दिसले.

त्या दिवशी सकाळी पाहुणे बैठकीत पान चघळत होते. कुंकू लावून सोयरीक पक्की करायचे ठरवूनच आले होते.

"बाई, धडा वाचून दाखव पाहुण्यायले," जानराव ऐटीत म्हणाले.

चतुरेने घडाघडा वाचले. राज्यात दुष्काळ पडतो, ऋषी पावसाच्या बदल्यात राजकन्या मागतो, राजा देऊन टाकतो, पाऊस पडतो, प्रजा आनंदते.

"पोरगी हुशार हाये," बबनराव म्हणाले.

चतुरा मात्र उठली नाही. शाळेत पुंजाजी मास्तर प्रत्येक धड्यानंतर प्रश्न विचारीत. त्यावाचून धडा संपतो हे तिला ठाऊकच नव्हते. "आता सांगा," ती म्हणाली, "या गोष्टीत कोनाले इचारलंच नाई?"

बबनरावांनी मिशीवर हात फिरवला. "सोपं हाये. राजाच्या पोरीले."

"बराबर. मंग मास्तर इचारतात, असं आपल्या घरी कोनाचं झालं?" उत्तरही तिनेच दिले. "माह्यं."

पान चघळायचे थांबले. जानराव ताडकन उठले. "तुले शाळेत वाचाले घातलं, इचार कराले नाई," ते ओरडले. आयुष्यात एकदा गृहस्थ खरे बोलले, तेही चारचौघांत.

मग त्यांनी आत हाक दिली. "कुंकवाचं ताट आना."

चतुरेची आई गोजराबाई उंबऱ्यावर आली. वीस वर्षांच्या संसारात पाहुण्यांसमोर ती प्रथमच उभी राहत होती. तिला अक्षर येत नव्हते. धडा तिने दाराआडून ऐकला होता. हात रिकामे होते.

"मी नऊ वर्साची या घरात आली, तवा मलेही कोनी इचारलं नवतं," ती नवऱ्याला म्हणाली. "ताट नाई येनार."

पाहुणे उठून गेले. दुसऱ्याच दिवशी जानरावांनी अर्ज केला, की मास्तर पोरी बिघडवतो, त्याची बदली करा. अर्जाखाली गावच्या चौदा प्रतिष्ठितांच्या सह्या पडल्या. बहुतेकांनी तो वाचलाही नव्हता. मास्तरांची बदली झाली, पण चतुरेला त्या घरी कोणी देऊ शकले नाही.

वाचकहो, धडा तुम्हीही वाचलात. आता सांगा, तुमच्या घरी कोणाला विचारले नाही?