पेन्सिल बेवरची दोन घरांची होडी

मित्रांनो, माझे वय सत्तेचाळीस आहे आणि मी अजून पाण्यात आहे. लाकडी होडीला याहून मोठे भाग्य नाही. माझ्या वयाच्या कितीतरी होड्यांमध्ये आज लोकांनी फुलझाडे लावली आहेत.

माझे लाकूड ह्यूऑन पाइनचे. टास्मानियाच्या पश्चिमेकडच्या ओल्या रानात हे झाड इतके सावकाश वाढते, की माझ्या फळ्यांमधली वर्षे मोजायला कुणी बसले तर त्याची मान दुखून येईल. लाकडातच तेल असते, त्यामुळे ते सहजासहजी कुजत नाही. एथॉल ग्रब नावाच्या कारागिराने १९५८ साली नदीकाठच्या आपल्या शेडमध्ये मला घडवले. माझ्या फासळ्या त्याने वाफेवर मऊ करून वाकवल्या. एका फळीची कड दुसरीवर चढवून तांब्याच्या खिळ्यांनी मला शिवत नेले. पाच महिने तो माझ्याशी जेवढे बोलला, तेवढे बायकोशीही बोलला नसेल.

मी तयार झाले त्या शनिवारी दोन माणसे मला मागायला आली. एक क्लॅरी डिरीन. तो गावोगाव हिंडून मेंढ्यांची लोकर कातरायचा. उंच, लालबुंद मानेचा आणि तोंडाने फटकळ. दुसरा टादेक वोलान्स्की. युद्धानंतर पोलंडहून आलेला, डोंगरात धरणाचे बोगदे खणणाऱ्यांपैकी एक. तो बुटका होता आणि बोलण्याआधी विचार करायचा. दोघांनाही मीच हवी होते.

एथॉल म्हणाला, "दुसरी बांधायला मला वर्ष लागेल. कुठल्या तळ्यावर नेणार आहात?"

"पेन्सिल बेवर," दोघे एकदम म्हणाले.

मग कळले, की वरच्या पठारावरच्या तळ्याच्या 'पेन्सिल बे' नावाच्या कोपऱ्यात दोघांनी लाकडी घरे बांधली होती, तीही शेजारी शेजारी. क्लॅरी सुट्टीत तिथे जायचा आणि टादेक कामाच्या पाळ्या सांभाळून. त्यामुळे त्यांची कधी गाठच पडली नव्हती.

"मग दोघांत एक न्या," एथॉल म्हणाला. "एवढं मोठं तळं वाटून घेताय, होडी जड जातेय होय?"

अशी मी दोघांची झाले. मला क्लॅरीने विकत घेतले आणि मागे लावायची मोटार टादेकने आणली. एक आठवडा एकाचा, पुढचा दुसऱ्याचा. माझ्या नावावरून मात्र त्यांचे जमेना. क्लॅरीला बायकोचे 'मेव्हिस' हे नाव हवे होते, टादेकला त्याच्या बायकोचे 'हलिना'. शेवटी डाव्या अंगावर एक नाव रंगवले, उजव्या अंगावर दुसरे. मासे धरायला आलेले परके लोक म्हणत, "मघाशी दुसरीच होडी गेली ना इथून?"

ती पाच वर्षे फार सुखाची होती. पहाटे धुके तळ्यावर लोळत असायचे. पाण्यात बुडालेल्या जुन्या झाडांचे पांढरे शेंडे त्यातून वर आलेले असायचे, आणि मी त्यांच्यामधून हळूच वाट काढायची. क्लॅरी ट्राउट मासे धरायचा. टादेक ते घरामागच्या पत्र्याच्या पिंपात धुरावर भाजायचा. मेव्हिस स्कोन नावाचे छोटे पाव भाजायची आणि हलिना बटाटे भरून पियेरोगी, म्हणजे पोलंडकडच्या करंज्या, उकडायची. रविवारी दोन्ही घरांची ताटे एकाच टेबलावर मांडली जायची.

"तुझ्या धुरानं माझे कपडे मासळीबाजार झालेत," क्लॅरी म्हणायचा.

"आधी त्यांना मेंढ्यांचा वास होता," टादेक म्हणायचा. "निवड तुझी."

मग १९६३ चा ईस्टर आला. तो आठवडा टादेकचा होता. त्याच्या कामावरचे तिघे तरुण तळ्यावर आले होते. त्यांनी दोन तासांसाठी मला मागितले आणि टादेकने दिले. क्लॅरीला विचारले नाही. वाटले नाही विचारावेसे. तरुणांनी मोटार भरधाव सोडली, आणि मी पाण्याखालच्या एका बुंध्यावर जाऊन आदळले. माझी खालची फळी तडकली. तिघे मला ओढत काठावर घेऊन आले आणि खाली माना घालून उभे राहिले.

क्लॅरी धावत आला. त्याने तडा पाहिला. वाईट वाटले की तो आधी चिडायचा, हे मला ठाऊक होते. टादेकलाही ठाऊक असायला हवे होते.

"मी फळी बदलून देतो," टादेक म्हणाला.

"प्रश्न फळीचा नाही. विचारायचं होतंस."

"माझा आठवडा होता."

"आठवडा तुझा होता, होडी नाही. तुमच्याकडं चालत असेल असं, एकाची वस्तू सगळ्या गावाला वाटायची. इथं नाही चालत."

टादेक मोटारीकडे वळला. मग म्हणाला, "पंधरा वर्षं झाली मला येऊन. अजून माझं 'तुमच्याकडं' आणि तुझं 'इथं'?"

त्याने वाकून मोटारीचे दोन्ही स्क्रू सैल केले, ती खांद्यावर घेतली आणि आपल्या घरी निघून गेला. "होडी तुझी आहे ना," जाता जाता तो म्हणाला, "तर ठेव."

मित्रांनो, त्या दिवशी माझी वाटणी झाली. मी क्लॅरीच्या अंगणात पालथी पडले आणि मोटार टादेकच्या शेडमध्ये पोत्याखाली गेली. तडकलेली फळी क्लॅरीने पुढच्याच आठवड्यात बदलली. ती बदलताना तो एकटाच पुटपुटत होता आणि सारखा कुंपणापलीकडे बघत होता. पण पलीकडून कुणी आले नाही, आणि तोही गेला नाही.

दोन उन्हाळे असे गेले. लाकडी होडीला पाणी मिळाले नाही की तिचे लाकूड आक्रसते आणि फळ्यांचे सांधे उघडतात. पठारावरचा वारा कोरडा. माझ्या सांध्यांतून आधी उजेड दिसू लागला, मग कोळ्यांनी घरे केली. एक मात्र चांगले होते. कुंपणाची एक फळी निघालेली होती आणि ती कुणीच ठोकत नव्हते. दुपारी नवरे बाहेर गेले, की त्या फटीतून एकीकडून स्कोन जायचे, दुसरीकडून पियेरोगी यायचे.

१९६५ च्या ऑक्टोबरमध्ये तळ्याचे पाणी उतरले होते. तसे झाले की एक लांब दगडी पट्टी उघडी पडायची. तिच्यावरून चालत टोकाच्या खडकापर्यंत जाता यायचे. होडी नसल्यामुळे क्लॅरी त्या दुपारी गळ घेऊन तिथवर चालत गेला. दोनच्या सुमाराला वारा फिरला. बर्फाची भुरभुर सुरू झाली. वाऱ्याने पाणी आमच्या बाजूला लोटले आणि दगडी पट्टी लाटांखाली गेली.

मेव्हिसने खिडकीतून दुर्बीण लावली. क्लॅरी खडकावर बसला होता. त्याचा एक पाय भलत्याच बाजूला वळलेला होता. तो टोपी हलवत होता आणि लाटा त्याच्या गुडघ्यापर्यंत उडत होत्या. आमच्या बाजूला त्या आठवड्यात दुसरी होडी नव्हती. मोठ्या रस्त्यावरून मदत यायला दोन तास लागले असते.

मेव्हिस कुंपणाच्या फटीतून थेट टादेकच्या दारात गेली.

"टादेक, मला मोटार हवीय."

"त्यानं पाठवलं तुला?"

"तो पाठवायला इथं नाही. खडकावर पाय मोडून बसलाय."

टादेकने मोटारीवरचे पोते भिरकावले. मोटार खांद्यावर टाकून तो आला, मला सुलटे केले आणि सांध्यावरून हात फिरवला. त्याचे बोट आरपार गेले.

"ही तरंगायची नाही. दोन दिवस पाण्यात भिजवली तर फुगेल. आत्ता नाही."

"दोन दिवस तो राहील तिथं?"

हलिना घरात गेली आणि मेंढीच्या चरबीचा भरलेला डबा घेऊन आली.

"ही रविवारच्या स्वयंपाकाची," टादेक म्हणाला.

"रविवार परत येईल," हलिना म्हणाली. "दाब सांध्यांत."

चरबी अडकून राहायला कापड हवे होते. मेव्हिसने दोरीवरून क्लॅरीची लांब लोकरी विजार ओढली आणि टराटरा फाडली. तिघे गुडघ्यांवर बसले. चिंध्या चरबीत बुडवायच्या आणि सुरीच्या पात्याने माझ्या सांध्यांत ठासायच्या. गार हातांनी त्यांनी माझा सांधा न् सांधा भरला. दोन वर्षांत मला कुणी हात लावला नव्हता. खोटे कशाला सांगू, त्या घाईतही मला बरे वाटले.

मला पाण्यात ढकलले तेव्हा तरीही पाणी आत आलेच. टादेकने मोटार लावली आणि दोरी ओढली. तिसऱ्यांदा ओढल्यावर ती खोकली आणि सुरू झाली. हलिनाला पाण्याची भीती वाटायची. ती काठावर शेकोटी पेटवायला थांबली. मेव्हिस जॅमचे मोठे पातेले घेऊन आत बसली आणि उपसू लागली. लाट पुढून यायची, पाणी खालून यायचे. ती उपसत होती आणि टादेक ओरडून आकडे मोजत होता, म्हणजे तिचा हात थांबू नये. मला एकच धास्ती होती, की माझी एखादी चिंधी सुटेल. जाताना एकही सुटली नाही.

खडकापाशी आलो तेव्हा क्लॅरीचे ओठ निळे पडले होते. टादेक कमरेइतक्या पाण्यात उतरला आणि त्याला उचलू लागला.

"उशीर केलास," क्लॅरी म्हणाला. त्याचे दात वाजत होते.

"होडी एकाकडं, मोटार दुसऱ्याकडं. जुळवायला वेळ लागला."

त्यांनी त्याला माझ्या तळाशी निजवले. परतीच्या वाटेवर दोन चिंध्या निघाल्या आणि पाणी त्याच्या पाठीखाली आले. त्याने हाताला लागलेली एक चिंधी उचलून डोळ्यांजवळ धरली.

"मेव्हिस, ही माझी विजार आहे का?"

"होती," मेव्हिस म्हणाली. "सुटलीय ती परत खोच आणि गप्प पड."

मागे दांडा धरलेला टादेक हसू लागला. क्लॅरीही हसला. हसताना पाय दुखला म्हणून त्याने शिव्या दिल्या आणि पुन्हा हसला. मग तो पालथ्या हाताने डोळे पुसत राहिला. पाणी सगळीकडूनच येत होते, म्हणून कुणी त्याला काही विचारले नाही.

मला त्यांनी धक्क्याला बांधून तसेच पाण्यात ठेवले. रात्रीतून मी काठोकाठ भरले. पण तिसऱ्या दिवशी माझे लाकूड फुगले, सांधे आपोआप मिटले, आणि उपसलेले पाणी पुन्हा आत आले नाही.

क्लॅरीने तोंडाने माफी मागितल्याचे मी ऐकले नाही. पायाचे प्लास्टर निघाल्यावर त्याने एक उंच खांब पांढरा रंगवला. टादेकला सोबत घेऊन तो त्या बुंध्यापाशी गेला आणि खांब तिथे रोवला. "त्या तुझ्या तिघांना सांग," तो म्हणाला, "आता बुंधा दिसतो. आले तर होडी घेऊन जा म्हणावं." टादेकने मान हलवली आणि त्याच्या हातातला हातोडा घेतला, कारण खांब तिरका होता.

त्यानंतर जो कुणी नीट मागेल त्याला मी मिळू लागले. परत आणताना धुऊन आणायची आणि टाकी भरून ठेवायची, एवढीच अट. किती लोकांना मी फिरवले! नव्या लग्नाची जोडपी, होबार्टहून आलेल्या परिचारिका, एक पाद्री, ज्याला आयुष्यभरात एकही मासा लागला नाही आणि तरी तो दर वर्षी यायचा. त्या सगळ्यांची मी ऋणी आहे. त्यांनी मला वापरले.

१९८९ मध्ये क्लॅरी गेला. त्याच्या आठवड्यांत मी धक्क्यालाच असायची. टादेक रोज येऊन आतले पावसाचे पाणी काढायचा, पण मला सोडायचा नाही. "त्याचा आठवडा आहे," म्हणायचा. चौथ्या वेळी मेव्हिस रबरी बूट घालून धक्क्यावर आली.

"आठवडा माझा आहे," ती म्हणाली. "मला चालवायला शिकव."

"या वयात?"

"तुझ्या वयात शिकवता येतं ना?"

ती शिकली. पहिल्या दिवशी तिने मला लव्हाळ्यात नेऊन घातले, पण आठवडाभरात ती क्लॅरीपेक्षा हलक्या हाताने चालवू लागली. पुढे सात वर्षांनी टादेकही गेला, तेव्हा मेव्हिस हलिनाच्या दारात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अगं, तुझा आठवडा सुरू झालाय." जन्मभर काठावर राहिलेली हलिना दोन्ही कडा घट्ट धरून माझ्यात बसली. पहिल्या फेरीत तिने डोळे उघडलेच नाहीत. आता ती पुढे बसून वाट दाखवते, आणि चुकीची दाखवते.

गेल्या वर्षी शहरातल्या एका संग्रहालयातून दोन माणसे मला बघायला आली. फार सभ्य होती. म्हणाली, असे काम आता मिळत नाही. हिला छान रंगवू, दिव्यांखाली ठेवू, शाळेतली मुले बघायला येतील. एथॉलचे नावही पाटीवर लिहू. मला मान वाटला, पण अंगणातले ते दोन कोरडे उन्हाळेही आठवले.

मेव्हिस ऐंशीची आहे. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "तिथं पाणी असेल?"

"नाही, आजी. कोरडी, एकसारखी हवा. त्यानं लाकूड टिकतं."

"हलिना, काय म्हणतेस?"

"चहा द्या त्यांना," हलिना म्हणाली. "लांबून आलेत. होडी नाही द्यायची."

चहा झाल्यावर त्या दोघींनी पाहुण्यांना माझ्यात बसवून तळ्यात एक फेरी मारून आणली. परतताना त्यातला मोठा माणूस माझ्या कडेवरून हात फिरवत होता. तो पुन्हा संग्रहालयाचे बोलला नाही. पुढच्या महिन्यात बायकोला घेऊन आला आणि मला नीट मागून घेऊन गेला.

मित्रांनो, तुमच्याही घरी दोघांत मिळून एखादी वस्तू असेल. सायकल असेल, विहीर असेल, झाडाला टांगलेला झोका असेल. ती घेताना एका शब्दाने विचारा. बिघडली तर मिळून दुरुस्त करा. भांडण झालेच, तर वस्तूचे दोन तुकडे करून दोन घरांत कोंडू नका, कारण मग ती कुणाचीच राहत नाही. मी दोन वर्षे तशी पडून होते, म्हणून सांगते. आणि बऱ्याच दिवसांनी पुन्हा पाण्यात घातलेली होडी पहिल्यांदा गळणारच. म्हणून तिला परत काठावर ओढू नका. थोडे पाणी उपसा, दोन दिवस दम धरा. लाकडाला पाणी मिळाले, की बाकीचे ते आपले आपण करते.