आधी कोणाला विचारायचं

धुलाईघरात वीस यंत्रं ओळीने उभी होती आणि खिडकीजवळच्या विसाव्या यंत्रावर ठमीची आई पंधरा वर्षं काम करत होती. कुठल्याही यंत्राचं दार उघडं असताना त्याची मोटर फिरली, की भिंतीवरची पेटी सगळी वीज तोडायची. ती पेटी जोडली होती ठमीच्या आत्याने. आत्या इथली इलेक्ट्रिशियन, आणि जीभ तिची उघड्या वायरीसारखी.

आता पेटीच्या जागी ठमीने लिहिलेला प्रोग्रॅम यायचा होता. दोन्हींचं वागणं सारखंच आहे का, हे तिला पडताळायचं होतं. मालक म्हणाले, "जमलं तर बघ. जेवणाची सुट्टी झाली की पेटी काढायची."

वीस दारं, वीस मोटरी. त्यांच्या हो-नाहीच्या जुळण्या लाख कोटींच्या वर. एकेक तपासायला जन्म पुरला नसता. म्हणून ठमी कॉम्प्युटरवर दोन्हींचा आराखडा काढत होती: एका चौकटीत एक प्रश्न, 'हो'ची वाट वेगळी, 'नाही'ची वेगळी, आणि सगळ्या वाटा शेवटी 'तोडा' नाहीतर 'चालू द्या' इथेच. सारख्या चौकटी एकत्र केल्या, फुकटचे प्रश्न गाळले आणि प्रश्नांचा क्रम एकच ठेवला, की सारखं वागणाऱ्या दोघांचा आराखडा हुबेहूब एकच येतो. नाही आला तर कुठेतरी पाणी मुरतंय. पण चौकटी वीस लाखांवर गेल्या आणि ऑफिसातल्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरने मान टाकली.

"तुझं आपलं सगळं जर-तरचं," आत्या म्हणाली. "आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हणाली असतीस! विचारतेस तरी काय त्याला?"

"आधी वीसही दारं. मग वीसही मोटरी."

"अगं, कुठकुठली दारं उघडी होती ते शेवटपर्यंत लक्षात कोण ठेवणार? मी एका यंत्रापाशी जाते, दार बघते, मोटर बघते, ते विसरते आणि पुढे सरकते."

ठमीने क्रम बदलला: एका यंत्राचं दार, लगेच त्याचीच मोटर, मग पुढचं यंत्र.

पेटीचा आराखडा एका पानात मावला: चाळीस चौकटी. तिला इतका आनंद झाला की तिने आत्याला मिठीच मारली. मग प्रोग्रॅमचा आराखडा आला. अडतीस.

"विसावं कुठंय गं?" आत्याने विचारलं.

ठमीला शून्यापासून मोजायची सवय. शून्य ते एकोणीस, झाली वीस. पण यंत्रांवरचे आकडे आत्याने रंगवलेले, एकपासून. शून्य नंबरचं यंत्र तिथे नव्हतंच, आणि विसाव्याकडे प्रोग्रॅम बघतच नव्हता.

ती आधी मालकांकडे गेली, चूक आपली आहे म्हणाली आणि पेटी काढणं थांबवलं. मग ओळीच्या टोकाला गेली. आई खांद्यापर्यंत हात यंत्रात घालून अडकलेली चादर ओढत होती.

"आई, जपून."

"एवढी काय घाबरतेस?" आई मागे न बघताच म्हणाली. "पेटी आहे ना."