थोरल्या वहिनींचा लाडका

फोटो स्टुडिओतला जुना कॉम्प्युटर दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा, यावर दोघा भावांच्या घरात आठवडाभर जेवणं लांबत होती. धाकटा नव्याच्या बाजूने, थोरल्या वहिनी दुरुस्तीच्या बाजूने, आणि थोरले दादा ज्या बाजूला जेवण गरम असेल त्या बाजूने.

सगळ्यांना वाटलं, वहिनींचा हात आखडता. खरं कारण वेगळंच होतं. तो कॉम्प्युटर चालू करणं फक्त वहिनींना जमे. बटण दाबायचं, पंखा घरघरला की बंद करायचं, मागची वायर किंचित उचलून धरायची आणि पुन्हा दाबायचं. दुसऱ्या कुणी हात लावला की पडदा काळा ठिक्कर. मग दीर आत ओरडायचा, "वहिनी, तुमचा लाडका रुसला!" गिऱ्हाईक खोळंबलेलं, दीर ताटकळलेला, आणि वहिनी सावकाश चष्मा पुसून डोळ्यांवर चढवायच्या. एवढा भाव त्यांना घरात दुसरं कोण देत होतं?

शेवटी मेकॅनिक आला. उघडून पाहिलं, फुंकर मारली. "सॉकेट सैल झालंय, बस. संध्याकाळी देतो. मग शेंबडं पोरही चालू करेल."

वहिनींचा चेहरा उतरला. "नको. आहे तसाच राहू दे."

"अहो, आठवडाभर दुरुस्ती दुरुस्ती कोण करत होतं?" दीर म्हणाला. धाकट्या जावेने त्याला कोपराने ढोसलं.

वहिनींनी मनातल्या मनात जमाखर्च मांडला. दुरुस्त झाला तरी भाव गेला, नवा आला तरी गेला. मग जुन्यापायी कशाला झुरायचं? "नवाच आणा," त्या म्हणाल्या.

नवा आला आणि बटण दाबताच चालू झाला, निर्लज्ज कुठला. बसवणारा माणूस म्हणाला, "कुणीतरी पासवर्ड टाका."

"सरका सगळे," वहिनी पुढे झाल्या. "आणि तोंडं तिकडे करा."

तिकडे गिऱ्हाइकांनी भांग पाडायचा आरसा होता. एकेका बोटाने टकटक चाललेला पासवर्ड धाकट्या जावेला त्यात अक्षर न् अक्षर दिसला.

दुपारी पहिलं गिऱ्हाईक आलं. घाईत होतं. धाकटी कॉम्प्युटरपुढेच बसली होती. तिची बोटं कीबोर्डवर गेली, थांबली. मग ती उठली आणि आतल्या दाराशी जाऊन म्हणाली,

"जाऊबाई, येता का जरा? तुमच्यावाचून अडलंय."