कापराच्या झाडाचे कडे

८ फेब्रुवारी १९८६ रोजी सकाळी सव्वासात वाजता, वनस्पती उद्यानातील कापराच्या झाडाभोवती, माझी बहात्तरावी म्हणजेच शेवटची फळी बसवली गेली. मित्रांनो, मी एक जुना लाकडी रंगमंच आहे. इतर रंगमंचांच्या मागे पडदा असतो. माझ्या मधोमध जिवंत झाड होते.

मला घडवणारा मिस्त्री हिशोबी माणूस होता. झाड दरवर्षी जाड होत जाणार, हे ध्यानात घेऊन त्याने खोड आणि फळ्या यांच्यात चार बोटांची फट ठेवली. फटीलगतचे तुकडे स्क्रूने बसवलेले, म्हणजे सहज सुटणारे होते. हंगामातील पहिल्या कार्यक्रमाआधी तो ते काढी, त्यांची आतली कड करवतीने थोडी मागे घेई आणि पुन्हा जागेवर बसवी. वाढत्या मुलाच्या सदऱ्याची शिवण उसवून सैल करावी, तसे ते काम होते.

"काय बुवा, यंदाही पोट सुटलं?" असे म्हणत तो खोडावर थाप मारी.

"आधी स्वतःचं बघ! पट्ट्याला नवं भोक पाडलंस ना परवा?" त्याची थोरली बहीण, सर्वांची ताई, चहाचा पेला त्याच्या हातात देत म्हणे. ती मुलांना नृत्य शिकवी. माझ्यावरचे बहुतेक कार्यक्रम तिनेच बसवलेले असत.

ती वर्षे भरभराटीची होती. सकाळी चित्रकार माझ्या पायऱ्यांवर बसून झाडांची रेखाटने करीत. संध्याकाळी गाणी होत, नाटुकली होत, पुष्पप्रदर्शनाची बक्षिसे वाटली जात. नाचणाऱ्या पावलांखाली गळलेली पाने चुरडली की कापराचा वास पहिल्या रांगेपर्यंत जाई. लोक माझी स्तुती करीत. पण खरी शोभा त्या झाडाची होती, हे मला ठाऊक होते.

मग ताईंची मुलगी, मिस्त्रीची भाची, माझ्यावर फुलपाखरू झाली. ती नऊ वर्षांची होती. खोडाभोवती गिरकी घेताना तिचे पाऊल फटीत गेले आणि घोटा मुरगळला. कळवळून तिने झाडाला मिठी मारली. प्रेक्षकांना तो नृत्याचाच भाग वाटला. त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. ती मात्र हुंदके देत होती.

"तुला झाड मोठं की भाची?" ताईंनी भावाला धारेवर धरले.

"असं काय विचारतेस, ताई?"

"मग बुजव ती फट. उद्या पुन्हा प्रयोग आहे. पोरींचे पाय मी रोज पणाला लावायचे का?"

"बुजवतो. पण एका प्रयोगापुरती हं. परवा सकाळी येऊन काढतो."

त्याने पोलादी पट्टीचे दोन अर्धगोल वाकवले, ते खोडाला घट्ट भिडवून बोल्टने आवळले आणि उरलेली जागा फळकुटांनी भरून काढली. दुसऱ्या दिवशी भाची पायाला पट्टी बांधून कडेला बसली. बाकीच्या मुली निर्धास्त नाचल्या. सर्वांचा जीव भांड्यात पडला. मीही सुखावलो.

'परवा सकाळी' शाळांचे संमेलन निघाले. त्यानंतर गायनाची सभा होती, तिच्यामागे बक्षीस समारंभ.

"ताई, त्या कड्याचं बघायला हवं," मिस्त्री म्हणे.

"बघू रे. एवढा कार्यक्रम होऊन जाऊ दे."

"बरं. पुढच्या खेपेला नक्की."

दोघांच्याही मनात खोट नव्हती. म्हणूनच त्या चालढकलीची मला अधिक हळहळ वाटते. पुढे उद्यानाने माझ्यावर हिरवा गालिचा अंथरला आणि कडे नजरेआड झाले. मिस्त्रीचे गुडघे धरले, तसे त्याचे येणे खुंटले. ताईंनी शिकवणे थांबवले. साल कड्यावरून ओठासारखी फुगून बाहेर आली आणि तेथे गालिचा उचलला गेला. शोभा जाऊ नये म्हणून कोणीतरी त्या उंचवट्यावर शोभेची कुंडी ठेवली. शेंड्याची पाने विरळ होऊ लागली, तेव्हा फांद्यांवर दिव्यांच्या माळा चढल्या. "आता दिवे किती छान उठून दिसतात!" असे लोक म्हणाले. मला वाचा असती तर मी ओरडून सांगितले असते. पण लाकूड फक्त करकरते, आणि करकर ऐकू आली की माणसे तेवढ्यापुरता खिळा ठोकतात.

अखेर भाचीच आली. आता ती स्वतःच्या विद्यार्थिनींना घेऊन सरावाला आली होती. तिच्या अनवाणी पावलाला उंचवटा लागला. तिने कुंडी सरकवली, गालिचा उलटला आणि सालीत बुडालेल्या कड्यावरून बोट फिरवले. मग तिने मामाला बोलावून घेतले. तो काठी टेकत आला. त्याने बोल्ट कापले, पण कडे निघेना. ते लाकडात पार रुतले होते.

"मामा, हे माझ्यासाठी बसवलं होतंस ना?"

"एका दिवसासाठी बसवलं होतं गं, पोरी."

त्याने सवयीने खोडावर थाप मारली. मग बोल्टचे तुकडे गोळा करून खिशात टाकले.

त्या वर्षी कापराला पालवी फुटली नाही. पुढच्या हंगामाआधी झाड उतरवले गेले. माझ्या मधोमध आता गोल पोकळी आहे. ती फळ्यांनी बंद करायला भाचीने ठाम नकार दिला. पोकळीभोवती कठडा आहे आणि मुले त्याच्या बाहेरून नाचतात. पायाखाली चुरडायला पाने नाहीत.

मित्रांनो, ज्याच्या आधाराने तुमचा कार्यक्रम रंगतो, त्याच्याकडे केवळ टाळ्यांच्या वेळी पाहू नका. वर्षातून एकदा तरी गालिचा उचला. 'तात्पुरते' म्हणून आवळलेले जे असेल, ते ठरल्या दिवशी स्वतःच्या हाताने सोडवा. दुसरा कोणी सोडवील, या भरवशावर राहू नका.

झाड उतरवले त्या दिवशी मिस्त्रीने शेवटचे माप घेतले. कड्याच्या वर खोडाचा घेर तीन मीटर दहा सेंटिमीटर भरला. कड्याच्या आत दोन मीटर साठ.