दोन हेड, एक पट्टी

तोच ट्रक तिसऱ्यांदा तलासरीच्या गॅरेजात येऊन उभा राहिला, तेव्हा सदू मिस्त्रीचं डोकंच फिरलं. इंजिनातून चक-चक, चक-चक असा आवाज येत होता. सायलेन्सरकडे जायचा धूर वाटेतच, सिलिंडरांवरच्या झाकणापाशी, म्हणजे हेडापाशी, फुटून बाहेर पडत होता. दोनदा तिथल्या सांध्यातलं पॅकिंग बदलून झालं होतं आणि दोन्ही वेळा सदूने छातीठोकपणे सांगितलं होतं की आता जन्मात गळणार नाही.

ट्रकमालक रूपेश आशागडच्या वखारीतून सुकं गवत भरून मुंबईच्या तबेल्यांना पोचवायचा. माणूस भला, पण आज त्याचाही धीर सुटला होता.

"काका, मागे गवत आणि पुढे ही गळती. एखादी ठिणगी उडाली तर? आज नाय जमलं तर गाडी वापीला नेतो."

वापीला! सदूला ते फार लागलं. या जुन्या सहा सिलिंडरच्या इंजिनांवर त्याने उभं आयुष्य काढलं होतं. चारोटीपासून अच्छाडपर्यंतचे ड्रायव्हर त्याच्याकडे गाडी सोडून बिनघोर जेवायला जात.

"संध्याकाळी ये," तो गुरगुरला.

रूपेशची पाठ वळताच सदूच्या तोंडाचा पट्टा सुटला. पॅकिंग बनवणारे चोर, बोल्ट विकणारे चोर, रस्त्यावरचे खड्डे तर विचारूच नका. त्याची मुलगी शितल बरीच वर्षं त्याच्या बरोबरीने काम करत होती. तिने त्याला बोलू दिलं, आणि तोवर हेडांमधला धूर सायलेन्सरकडे नेणारा मॅनिफोल्ड उतरवून हेडांवरची काजळी पुसून काढली. मग लोखंडी सरळ पट्टी घेऊन तिने आडवी धरली.

"बाबा, जरा इकडे बघा."

या इंजिनाला हेड दोन, आणि दोन्हींवर मिळून मॅनिफोल्ड एकच. म्हणून हेड आवळायच्या आधी दोन्हींच्या तोंडांवर पट्टी ठेवून ते एका रेषेत आणायचे असतात. शितलला हे सदूनेच शिव्या घालून घालून शिकवलं होतं. आता पुढच्या हेडावर पट्टी चपखल बसली होती आणि मागच्यापाशी केसभर फट दिसत होती. अशा जागी कितीही पॅकिंग घाला, ते जळणारच.

दिवाळीत हे हेड बसवले होते सदूने. इतकी वर्षं बसवतोय, आता पट्टी कशाला, म्हणून नजरेच्या अंदाजानेच आवळले होते. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शितल हळूच म्हणाली, "पॅकिंग खराब निघालं म्हणून सांगू. कोणाला काय कळतंय?"

"बडबड नको. हेड उघड."

"तुम्ही बसवता?"

हात तर शिवशिवत होते. पण सदू बाजूला झाला. "तूच बसव."

तिने हेडांखाली नवीन गॅस्केट घातलं, पट्टी लावली, हेड आवळले, पुन्हा पट्टी लावली. सदूला सगळं ठीक दिसत होतं. तिला मात्र पटलं नाही. तिने सगळे बोल्ट सैल करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आपण असतो तर चालतंय म्हणून सोडून दिलं असतं, हे सदूला कळलं, आणि त्याचा ऊर भरून आला.

संध्याकाळी इंजिन चालू झालं. चक-चक गेली होती. भरदार, एकसारखा आवाज निघत होता. रूपेशने जोडाजवळ हात फिरवून पाहिला आणि खूश होऊन ओरडला, "वा काका! शेवटी हात तुमचाच लागतो! काय झालं होतं?"

शेजारच्या चहाच्या टपरीवरचे ड्रायव्हर कान देऊन होते. शितल घाईने म्हणाली, "पॅकिंग जरा..."

"पॅकिंगला काय धाड भरली होती?" सदू टपरीपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाला. "दिवाळीत हेड मी वाकडे बसवले होते. हिने पकडलं आणि हिनेच सरळ केलं."

रूपेश बघतच राहिला. "तुम्ही? वाकडे?"

"हो, मी," सदू म्हणाला, आणि त्याने शितलच्या खांद्यावर हात ठेवला. "आणि माझी चूक पकडेल अशी मिस्त्री तयार केली, ती पण मीच. वापीला आहे का कोणाकडे अशी?"