सहाशे अंड्यांचा निरोप्या

मी निरोप्या बोलतोय. मला हात नाहीत, पाय नाहीत, तरी दिवसभर पळतो. अंडी उबवण्याच्या एका केंद्रातल्या संगणकात माझा मुक्काम. स्क्रीनच्या डोक्यावर कॅमेरा आहे, त्यातून खोली दिसते आणि माणसांचं बोलणं ऐकू येतं. नको तेही येतं.

माझा जन्म भांडणातून झाला. केंद्र मामींचं, आणि संगणकाचं काम त्यांच्या भाचीकडे. पूर्वी उबवणी यंत्रातला तापमापकच सगळा कारभार बघायचा: पंखा लाव, घंटा वाजव, मामींना कळव. नवी वस्तू जोडायची झाली की भाचीला तापमापकाचं पोट फाडावं लागे, आणि परत शिवताना काहीतरी बिघडेच. एकदा तिने दिवा जोडला नि घंटा मुकी झाली.

"दिवा लावलास की घंटेचा गळा आवळलास?" मामी कडाडल्या.

"मामी, त्या तापमापकाने नुसतं ओरडावं. कोणी ऐकायचं ते त्याने कशाला ठरवायचं?"

मग तिने एक साचा लिहिला आणि त्यातून मला काढलं. त्या साच्याला संगणकवाले क्लास म्हणतात आणि माझ्यासारख्याला ऑब्जेक्ट. मला दिली एक यादी. ज्याला ऐकायचंय त्याने तिच्यात नाव नोंदवायचं. तापमापक 'ताप चढला!' म्हणून ओरडला की मी वरून खाली एकेकाला सांगत जायचं. पुढे कोण काय करतो, त्याच्याशी मला देणंघेणं नाही.

पहिलं नाव स्क्रीनचं. दुसरं आजींचं.

आजी म्हणजे मामींच्या सासूबाई. "घरात काय चाललंय ते मला शेवटी कळतं. यात तरी आधी कळू दे," म्हणून त्या अडून बसल्या. भाचीने त्यांचा फोन जोडून दिला. मोठा पंखा आठवड्याने आला, म्हणून त्याचं नाव आजींच्या खाली. घंटा आणि मामींचा फोन त्याच्याही खाली.

ताप जरा चढला, जरा उतरला, की मी आजींना कळवायचो. त्या प्रत्येक निरोपाला उत्तर द्यायच्या. 'बरं.' 'जपून रे बाबा.' एकदा तर 'जेवलास का?' असंही आलं. मला उत्तर देता येत नाही, पण तो दिवस माझा फार छान गेला.

सहाशे अंडी ठेवून सतरा दिवस झाले होते. दुपारी हीटर अडकला आणि बंदच होईना. तापमापक बोंबलला, "ताप चढला!" मी स्क्रीनला सांगितलं. मग आजींच्या फोनकडे गेलो. तो मांजराच्या फोटोंनी गळ्यापर्यंत भरलेला. निरोप घेईना. उलट 'जागा नाही!' असं काही फेकून मारलं की मी तिथेच आडवा. पंखा दोन पावलांवर होता हो! पण एकाने लाथाडलं तर पुढच्याकडे जायचं, हे मला कोणी शिकवलंच नव्हतं. स्क्रीनवर आकडा लाल झाला होता, पण खोलीत बघायला कोणी नव्हतं. तापमापक पुन्हा ओरडे, मी पुन्हा उठे, पुन्हा आजींच्या दारात आपटे.

पाऊण तासाने दार धाडकन उघडलं. आजी! भाची आतच असेल असं समजून त्या कडाडल्या,

"काय गं, सकाळपासून एक निरोप नाही! माझं नाव कापलंस की—" आणि त्या थबकल्या. "अगं बाई, इथे तर भट्टी पेटलीय!"

त्यांनी हीटरचं बटण दाबून बंद केलं, यंत्राची दारं सताड उघडली आणि पुठ्ठ्याचा ट्रे घेऊन अंड्यांना वारा घालू लागल्या. मामी धावत आल्या. त्यांनी दुसरा ट्रे उचलला. सासूसुना शेजारी उभ्या राहून एका तालात वारा घालताहेत, हे दृश्य त्या घराने कधी पाहिलं नसावं.

भाचीने माझी तपासणी केली आणि कपाळावर हात मारला. "चूक माझी आहे. एक जण रुसला म्हणून याने बाकीच्यांना का सोडावं?" तिने मला शिकवलं: कोणी लाथाडलं तर त्याची नोंद कर आणि पुढे चालू लाग. यादीत पंखा पहिला आला.

"आणि मी?" आजींनी विचारलं.

"आजी, तू शेवटी."

आजींचं तोंड पडलं. तेव्हा मामी म्हणाल्या, "आई, सगळे फसले की तुम्हीच तर उरता." आजी खुर्ची ओढून यंत्रासमोर बसल्या.

एकविसावा दिवस उजाडला. दुपारपर्यंत यंत्र गप्प. मामी चार वेळा काचेला नाक लावून गेल्या. "उकडली असतील," त्या हळूच म्हणाल्या. भाची नखं खात होती.

आणि मग चिवचिवाट टिपायला भाचीने यंत्रात बसवलेल्या माइककडून हाक आली, 'पिल्लू आलं!' मी सुटलो. या हाकेच्या यादीत पंखा नव्हता: स्क्रीन, घंटा, मामी, आजी. परत येतोय तोच दुसरं. मग तिसरं. मग श्वास घ्यायला फुरसत नाही! दुसऱ्या दिवशी मोजणी झाली: पाचशे अकरा. मामी डोळे पुसत म्हणाल्या, धूळ गेली.

आज मी धडधाकट आहे. माझं एकच दुखणं: तापमापकाचं, यंत्राचं सगळं मी सांगतो, पण मला स्वतःला आनंद झाला तर तो ऐकायला कोणी नाव नोंदवलेलं नाही. त्या दिवशी मला फार आनंद झाला होता. म्हणून तुम्हाला गाठलं. ऐकलंत, बरं वाटलं. येतो, कोणीतरी ओरडतंय.