गार पाण्याचा चटका

आत्याने शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि पाणी घोट्याला लागताच कठड्यावरची तिची बोटं पांढरी पडली. चेहरा मात्र ढिम्म.

"उतरतेस, की खुर्ची आणू?" भाचीने तरणतलावाच्या काठावरून विचारलं. टवाळी केली नसती, तर तिला स्वतःलाच रडू फुटलं असतं.

"खुर्ची तुलाच लागेल, बडबडे. पाय बघ कसे लटपटतायत तुझे."

गेल्या वर्षी सहलीत खाल्लेल्या एका माशाने हा सगळा घोळ घातला होता. दिसायला ताजा, चवीला झकास, आणि आत विष. उलट्या-जुलाब लवकर आवरले. नसांमधला गोंधळ मात्र मुक्कामालाच राहिला. ओठांना नि तळहातांना मुंग्या, उगाचच थकवा, आणि सगळ्यात अजब म्हणजे गार काही लागलं की चटका. फ्रिजमधली बाटलीसुद्धा आत्या फडक्याने धरायची, तापलेल्या पातेल्यासारखी. डॉक्टर म्हणाले होते, हळूहळू जाईल. हळूहळू म्हणजे किती, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून ती मुलांना पोहणं काठावरूनच शिकवायची. एका हातात शिट्टी, दुसऱ्या हातात लांब बांबू. पण काल तलावाचे मॅनेजर म्हणाले, नवशिक्या मुलांबरोबर पाण्यात उतरायलाच हवं; जमत नसेल तर दुसऱ्या बाई बघतो. त्यांचं तरी काय चुकलं? चिमुरडी पोरं होती ती.

आता ते ऑफिसच्या खिडकीतून बघत होते.

दुसरी पायरी. तिसरी. पाणी कमरेला लागलं. भाचीने नखं तळहातात रुतवली. निखाऱ्यांत उतरणारं माणूस असं दिसतं? आत्याने नाकातून एकदाच सावकाश श्वास सोडला, सुटलेली बट टोपीत खोचली आणि वळून हाक दिली, "या रे, बेडकांनो!"

बेडूक धपाधप उतरले. लाल टोपीवाली एक मुलगी तेवढी कठड्याला चिकटून राहिली.

"मी नाही येणार. पाणी गार आहे!"

"आहेच मुळी गार," आत्या म्हणाली.

थापाडी! अंग भाजत असताना गार म्हणणारी इतकी शूर थापाडी भाचीने जन्मात पाहिली नव्हती.

आत्या पाणी कापत कठड्याशी आली. जबडा तेवढा आवळलेला. तिने हात पुढे केला. मुलीने तो धरला, एक पाय बुडवला, किंचाळली, आणि पुढच्याच क्षणी आत्याच्या गळ्यातच पडली. खिडकीतले मॅनेजर हसले आणि आपल्या कामाला लागले.

"जमलं, आत्या!" भाची काठावर उकिडवी बसून कुजबुजली. "बघितलं त्यांनी. आता ये ना बाहेर."

"तास संपू दे."

"अगं, पण..."

आत्याचं लक्षच नव्हतं. ती गळ्यातल्या मुलीकडे बघत होती. पोरीचे दात कडकड वाजत होते, आणि तरी ती खिदळत होती.

"बाई, कसलं गार आहे हो!"

"हो? गार म्हणजे कसं गं?"

"गार म्हणजे... गार!"

"असं नाही. नीट सांग मला."

मुलीने मान तिरकी करून विचार केला. "आधी ना, अंगावर काटा येतो. मग पोटात गुदगुल्या होतात. आणि मग एकदम सगळं मोकळं मोकळं वाटतं."

आत्याने डोळे मिटून घेतले.

"अजून सांग," ती म्हणाली.